मुंग्यांची वरात

देवास, ८ मार्च २००९

तीर्थस्वरूप अक्कास,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. हात सवयीने हे लिहून गेला आणि मग लक्षात आलं की यंदा त्यातल्या एका पायाला पट्टी आहे. खोडत नाही. पट्टीसकट नमस्कार.

चार वेळा फोन केला. तीनदा शंतनूने उचलला आणि "आई झोपली आहे" म्हणाला. सकाळी दहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला. तुझ्या लेकाला खोटं बोलता येत नाही, त्यात तो तुझ्यावर गेला आहे. चौथ्यांदा तू स्वतः उचललास, माझं "अक्का" ऐकलंस आणि ठेवून दिलास. म्हणून पत्र. पत्र काही मध्येच आपटून ठेवता येत नाही.

तुझ्या डोळ्यांपुढे जाळी आहे, तेव्हा हे किमया वाचून दाखवत असेल. किमया बाळा, सावकाश वाच. तुमच्या हिंदी शाळेत ळ नसतो, इथे तो जागोजागी भेटेल. घाबरू नकोस, आजी सांगेल.

अक्का, इंदूरच्या इस्पितळात मी जे बोललो त्याची माफी मागायची आहे. त्या सकाळी तुझ्या पायाची दोन बोटं काढली होती, आणि दुपारी मी वॉर्डात सगळ्यांसमोर, सूनबाईच्या माहेरची माणसं उभी असताना, तुला अडाणी म्हणालो. "टीव्हीवरच्या बाईने सांगितलं म्हणून कुणी शुगरच्या गोळ्या सोडतं का? चौथीतली पोर फसणार नाही." हे माझे शब्द. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस ते आजतागायत. खरं सांगायचं तर शंतनूने त्याच क्षणी मला सांगितलं होतं की तुझी गोळ्यांची डबी तुळशीच्या कुंडीत सापडली. ते ऐकलं आणि का कोण जाणे, माझा तोल गेला.

तो विषय आता नको. दोष तुझा नाही. दोष त्या इंटरनेटवाल्यांचा. कुसुमावतीबाईंसारख्या नटीचा फोटो लावायचा, खाली चार गोड शब्द लिहायचे आणि मधुविलय चूर्णाचा डबा माणसाच्या गळ्यात मारायचा. फोटो पाहून भले भले पाघळतात. तू रोज सात वाजता त्यांची मालिका बघतेस, तुला त्या घरच्या वाटल्या, यात नवल नाही.

डॉक्टर म्हणाले ते लक्षात ठेव. तीन महिने शुगर ताब्यात राहिली तर पाऊल वाचेल. नाही राहिली तर घोट्यापासून. गोळ्या वेळेवर घे.

इकडे नळ चार दिवसांनी येतो. इथल्या मराठी समाजाच्या फळ्यावर दर रविवारी सुविचार लिहिण्याचं काम अजून माझ्याकडेच आहे. या रविवारी "क्रोध हा माणसाचा शत्रू" असं लिहिलं. वळणदार अक्षरात. लिहून झाल्यावर फळ्याकडे पाहवलं नाही. लग्नपत्रिका लिहून घ्यायला लोक येतातच. परवा एकाला त्याच्या लेकीच्या पत्रिकेत "शुभाशीर्वाद"मधला र्वा कसा काढायचा ते शिकवलं. देवासात शुद्ध लिहिणारा दुसरा उरला नाही, असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत.

जुन्या देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीच्या संस्थानांसारखं आपलं झालं आहे, मध्ये एकच रस्ता आणि दोन राज्यं. उत्तर दे.

तुझा,
सुभाष


देवास, २४ मार्च २००९

तीर्थस्वरूप अक्कास,

नमस्कार. तुझं उत्तर मिळालं. एकच ओळ होती, "मी बरी आहे, अडाणी माणसाला पत्रं लिहू नयेत." वाचून जेवण गेलं नाही. पण उत्तर दिलंस, म्हणजे दार अगदीच लावलेलं नाही, असं मी धरून चालतो.

आज तुला थोडी माहिती देतो. काल सयाजी द्वाराजवळच्या विपुलच्या सायबर कॅफेत जाऊन बसलो आणि त्या चूर्णाचं पान नीट पाहिलं. कुसुमावतीबाईंचा जो फोटो आहे, तो मालिकेतल्या लेकाच्या लग्नातला. तीच मोतिया पैठणी, मागे मांडवाचा खांबसुद्धा दिसतो. हातात चूर्णाचा डबा आहे तो नंतर चिकटवलेला. बाईंची बोटं एका दिशेला आणि डबा दुसऱ्या. मग हिंदी पान उघडलं. तिथे तीच कहाणी एका पैलवानाच्या नावावर. गुजराती पानावर तीच एका भजन गाणाऱ्याच्या नावावर. तिघांनाही एकाच महिन्यात आजार झाला आणि एकाच महिन्यात आठ दिवसांत बरा झाला. हिंदीत आणि गुजरातीत चार-चार ओळीच आहेत. मराठीतलंच तेवढं लांबलचक आहे.

खाली पत्ता नाही. एक मोबाइल नंबर आहे, तो बंद. खऱ्या औषधावर कारखान्याचं नाव असतं, गाव असतं, कधी केलं ती तारीख असते. मधुविलयच्या डब्यावर काय आहे ते तू बघितलंच असशील, म्हणजे डबा फेकून द्यायच्या आधी. शिवाय कुसुमावतीबाईंनी स्वतः वर्तमानपत्रात सांगितलं आहे की या चूर्णाशी आपला काडीचा संबंध नाही. कात्रण सोबत जोडतो. आणि सरळ हिशेब आहे, अक्का, जी गोष्ट आठ दिवसांत शुगर घालवते ती आपल्या डॉक्टरांना ठाऊक नसेल आणि एका नटीला ठाऊक असेल?

असो. तू आता गोळ्या घेतेच आहेस, तेव्हा हे केवळ माहितीसाठी.

तुझा,
सुभाष

(किमयासाठी वेगळी चिठ्ठी. मोठ्याने वाचायची नाही.)

चि. किमया,

आजीच्या ओळीखाली, घडीच्या आत, तू बारीक अक्षरात लिहिलंस ते मी वाचलं. "मामाआजोबा, आजी गोळी नाही खात. जीभच्या खाली ठेवते आणि बाबा ऑफिस गेले की तुळशी मध्ये थुकते. पाऊडरचा डब्बा गव्हाच्या कोठी मध्ये आहे. मला विद्याची शपथ दिली म्हणून बाबांना नाही सांगितला. तुम्ही घरचे नाही तर तुम्हाला सांगितला तर चालते ना?"

चालतं. तुझी विद्या कुठेही जाणार नाही. मी घरचा नाही हे तू अगदी सहज लिहून गेलीस, तेही बरोबर आहे.

बाबांना मी फोन करू शकतो. पण ते डबा काढून घेतील आणि आजी दुसरा मागवील, त्याहून खोल लपवील. तिचं मन वळायला हवं. माझ्या पत्राने वळलं तर पहा आणि मला कळव. तिने कात्रण ऐकून काय म्हटलं ते जसंच्या तसं लिही.

मामाआजोबा


देवास, ५ एप्रिल २००९

तीर्थस्वरूप अक्कास,

नमस्कार. या वेळी तू मोठं पत्र सांगितलंस आणि किमयाने ते न गाळता लिहिलं. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं.

"सुभाष, तू म्हणतोस फोटो उसना आहे. असेल. नाव उसनं आहे. असेल. नटीने नाही म्हटलं, तिला काही अडचण असेल. पण त्या पानावर जे होतं, रात्री पायांत मुंग्यांची वरात निघायची, वाजंत्री तेवढी नसायची, ते उसनं कुठून आणणार? ते आपल्या आईचं बोलणं आहे. जात्यावरून उठली की म्हणायची. आईखेरीज ते मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. ज्या कुणी बाईने ते लिहिलं ती आपल्याकडचीच आहे, धारची नाहीतर नालछ्याची, आणि तिने आपल्या आईला पाहिलेलं आहे. तिला माझे पाय कळले. डॉक्टर कागद बघतो. तू तर त्या दिवशी एवढं बोललास, पण माझ्या पायाकडे एकदा पाहिलंसुद्धा नाहीस. मी कुणाचं ऐकू?"

खरं आहे. मी पायाकडे पाहिलं नव्हतं.

पण अक्का, असं बघ. जगात मराठी बोलणारी माणसं पुष्कळ आहेत. एखादं बोलणं दोन घरांत असू शकतं. किंवा असंही झालं असेल की त्या लोकांनी कुणा जुन्या माणसाकडून ते मराठी करून घेतलं, आणि त्या बिचाऱ्याला कशासाठी आहे हे ठाऊकच नसेल. असा माणूस आपल्या भागातलाही असू शकेल. तो सज्जनही असू शकेल. त्याने भाषांतर म्हणून केलं असेल, आणि

७ एप्रिल, सकाळ

वरचा मजकूर तसाच अर्धा ठेवतो आहे. फाडणार होतो. पण मी कसा निसटतो ते तुला ऐकू यावं म्हणून याच पाकिटात घालतो.

काल किमयाचं आणखी एक पत्र आलं. तिला रागावू नकोस, तिने मला सगळं सांगितलं आहे. गव्हाची कोठी, जिभेखालची गोळी, सगळं. ते तिने चोरून लिहिलं आणि मी चोरून वाचलं. कालच्या पत्रात तिने लिहिलं होतं की तू अर्धा डबा सावित्रीबाईंना दिलास. शेजारच्या सावित्रीबाई, ज्या तुझ्या आजारपणात रोज वरणभात आणून देतात. त्यांनाही शुगर आहे आणि त्यांनी परवापासून गोळी बंद केली आहे.

अक्का, ती बाई धारची नाही, नालछ्याची नाही. ती बाईच नाही. ते मी लिहिलं.

किमया, थांबू नकोस. वाच. पुढचं मी मुद्दाम सोपं लिहितो.

मागच्या सप्टेंबरात मी विपुलच्या कॅफेत समाजाचा वार्षिक अहवाल टाइप करून घेत होतो. तो म्हणाला, "काका, एक पार्टी का काम है. बाहर की पार्टी है, ईमेल पे भेजा है. मराठी में करना है. अब आपके जैसी मराठी पूरे देवास में किसके पास है?" हे वाक्य त्याने म्हटलं आणि माझं काम झालं. मी एक पैसा घेतला नाही. घेतला असता तर बरं होतं, मजूर म्हणून सुटलो असतो. मी कौतुकाला भुललो.

हिंदीत चार ओळी होत्या. मुझे शुगर थी. पैरों में झुनझुनी रहती थी. मधुविलय लिया. आठ दिन में आराम हुआ. खाली कुसुमावतीबाईंचं नाव. मी विचारलं, "बाईंनी हे खरंच सांगितलंय का रे?" तो म्हणाला, "अरे काका, बड़े लोग खुद थोड़ी लिखते हैं. आप तो बस भाषा देखो." मी भाषा पाहिली.

मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या परिच्छेदाला मला कळलं होतं. ज्या बाईने खरोखर काही सांगितलं असतं, तिच्या मनात काय आलं ते मला कशाला बनवावं लागलं असतं? पण तोवर लेखणीला धार आली होती. झुनझुनी हा शब्द मला कोरडा वाटला. मग आई आठवली. मुंग्यांची वरात मी घातली. वाजंत्री मी घातली. चार ओळींचं मी बाईंच्या नावाने पानभर पत्र केलं, आणि विपुलने वाचून "वा काका" म्हटलं तेव्हा कारखान्यातून निवृत्त झाल्यानंतर पहिल्यांदा मला छाती फुगल्यासारखी वाटली.

आता खरं सांगायचं ते सांगतो. त्या हिंदीत गोळ्या सोडल्याचं एक अक्षर नव्हतं. पत्राला शेवट हवा होता. मी लिहिलं, "शेवटी एके दिवशी गोळ्यांची डबी तुळशीपाशी ठेवली, हात जोडले आणि म्हटलं, बाई, आता हे तुझ्या ओटीत." माझा कच्चा कागद सापडला, तो सोबत आहे. किमया, आजीला सांग की तिथे आधी "देवापाशी" लिहिलेलं आहे आणि ते खोडून "तुळशीपाशी" केलं आहे. कारण एवढंच की ते कानाला बरं वाटलं. मी तो शब्द खोडला नसता तर तुझी डबी देवघरात सापडली असती, अक्का, एवढाच फरक.

भाऊबीजेला मी धारला आलो तेव्हा शंतनूच्या कॉम्प्युटरवर ते पान मीच उघडलं. आठवतं? "बघ अक्का, हल्ली इंटरनेटवरही किती सुरेख मराठी येतं" म्हणून मी तुला ते वाचून दाखवलं. आवाज चढवून, उतरवून. तू ओवाळलेलं तबक अजून पाटापाशी होतं. मला वाटलं, तू विचारशील की हे कुणी लिहिलं, आणि मी जरा आढेवेढे घेऊन सांगेन. तू डोळ्याला पदर लावलास आणि म्हणालीस, "किती खरं लिहिलंय बाईने. अगदी आईसारखी बोलते." कौतुक त्या बाईला गेलं आणि मी मनात हिरमुसलो. बहीण रडते आहे आणि भाऊ हिरमुसला आहे, असा तो प्रसंग.

आणि मग तू किमयाकडून डब्यासाठी फॉर्म भरवून घेतलास. मी समोर बसून तुझ्या हातचे अनारसे खात होतो. एक शब्द बोललो असतो तर तिथेच थांबलं असतं. म्हटलं, चूर्ण तर आहे, आवळा-मेथी काहीतरी असेल, काय बिघडतं. आणि आता "मीच लिहिलं, सगळं बनवलेलं आहे" असं सांगायचं म्हणजे पंचाईत. त्या पंचाइतीपायी गप्प बसलो. तू गोळ्या सोडशील असं खरंच वाटलं नव्हतं. वाक्य म्हणून लिहिलं होतं. वाक्य कुणी पाळतं का?

इस्पितळात शंतनू म्हणाला, "मामा, डबी तुळशीत मिळाली," आणि मला कळलं की तू माझं वाक्य पाळलंस. तेव्हा मी जे ओरडलो ते तुझ्यावर नव्हतं, पण लागलं तुला. अडाणी मी कुणाला म्हणालो ते आता तुला समजलं असेल. पायाकडे पाहिलं नाही ते यासाठी. पाहण्याची हिंमत नव्हती.

विपुलकडे जाऊन आलो. म्हटलं, ते पान काढ. तो म्हणाला, "काका, वो अब पार्टी के पास है. पासवर्ड बदल दिया उन्होंने, मेरे फोन भी नहीं उठाते." म्हणजे आईचा शब्द अजून तिथेच आहे. आज कुणीतरी तो वाचत असेल.

तू मला माफ कर असं म्हणणार नाही. माझ्यावर विश्वास ठेव असंही म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. फक्त एवढं मान, की त्या पानावर तुला ज्या माणसाला तुझे पाय कळले असं वाटलं, त्याने तुझे पाय कधी पाहिलेच नव्हते. आजची गोळी घे. सावित्रीबाईंना आजच सांग. माझं नाव घेऊन सांग.

सुभाष


धार, २१ एप्रिल २००९

आदरणीय मामाआजोबा,

मी किमया. आजी बोलते आहे आणि मी लिहिते आहे. आजीने सांगितलं की जे बोलते तेच लिहायचं, आपल्या मनाने सुंदर नाही करायचं.

सुभाष,

तुझं पत्र वाचायला या पोरीने एक पूर्ण दुपार घेतली. एकेक शब्द सुटा करून वाचत होती. बरं झालं. तू वाचून दाखवतोस तेव्हा शब्द वाहत येतात आणि माणूस त्यांच्याबरोबर वाहतं. सुटे केल्यावर तुझ्या मराठीत फारसं काही उरत नाही.

तुळशीची ओळ मी दोनदा वाचून घेतली. कच्च्या कागदावर हात फिरवला. तू दाबून लिहितोस, खोडलेलं बोटाला लागतं.

डबा मी मोरीत ओतला. तुळशीत नाही. ती आधीच वाळली आहे, गोळ्या पचल्या नाहीत बिचारीला. शंतनूला मी स्वतः सांगितलं. तो तुझ्यावर चिडायच्या आधी माझ्यावर चिडला, ते योग्यच होतं.

मग काठी टेकत सावित्रीबाईकडे गेले. म्हटलं, "बाई, ते चूर्ण फेक. ती नटीबिटी कोणी नाही, तो माझा भाऊ आहे." ती आधी हसली. तिला वाटलं, थट्टा करते. मग माझ्या पायाकडे बघून तिने डबा आणून माझ्यापुढे ठेवला. गल्लीतल्या दोघी-तिघी ऐकत होत्या. म्हटलं, ऐका. अडाणी तर अडाणी.

मला लाज वाटते सुभाष. तुझी नाही, माझी. आईचा शब्द कानावर पडला आणि मी बाकी सगळं ऐकायचं सोडून दिलं. डॉक्टर पंधरा वर्षं सांगत होता, त्याचं मोल एका शब्दाएवढं धरलं नाही.

पण तू एक गोष्ट नीट ऐक. बोटं गेली ते मी सोसलं. तू वॉर्डात बोललास तेही सोसलं असतं. आईचं बोलणं आपल्या दोघांखेरीज आता कुणाला ठाऊक नव्हतं. ते तू नेऊन त्या डब्यावर चिकटवलंस. आता रात्री पायांत मुंग्या आल्या की मला आई आठवत नाही, तो डबा आठवतो. ते मला सगळ्यात जास्त लागलं आहे.

शंतनू म्हणतो, माफ करून टाक. मी म्हणते, थांब जरा.

तू दोन कामं कर. समाजाच्या फळ्यावर तुझ्या हाताने, तुझ्या नावाने हे सगळं लिही. सुविचार नको. दुसरं, मला यापुढे मराठीत पत्र लिहू नकोस. हिंदीत लिही. हिंदीत तुला सजवता येत नाही आणि या पोरीला भराभर वाचता येतं. मराठीत कधी लिहायचं ते मी सांगेन. दिवाळीला यायचं की नाही, तेही तेव्हाच.

अक्का

(मामाआजोबा, हे माझं आहे. आजी आता गोळी पाणी संग खाते आणि बाबांना तोंड उघडून दाखवते. काल बाबा म्हणाले, बस कर आई, तर म्हणाली, बघ नीट, आमच्या घराण्याचा भरोसा नाही. किमया)


देवास, ३ मई २००९

अक्का, प्रणाम.

हिंदी में तुझे तू लिखूँ कि आप, समझ नहीं आ रहा. तू ही लिखता हूँ.

फलक पर लिख दिया. लिखा कि मधुविलय का मराठी पत्र किसी कुसुमावतीबाई का नहीं है, मैंने बनाया है. उसे पढ़कर मेरी बहन ने गोलियाँ छोड़ीं और उसकी दो उँगलियाँ कट गईं. किसी के घर में डिब्बा हो तो फेंक दें और डॉक्टर की गोली न छोड़ें. नीचे मेरा पूरा नाम. रविवार को सब लोग आए थे. पढ़ा. एक आदमी बाद में घर आया, उसकी माँ के पास डिब्बा था. बेटी की पत्रिका लिखवाने वाले नहीं आए.

शंतनू को फोन किया था. उसने बताया शुगर उतरी है और डॉक्टर बोले ऐसी ही रही तो पाँव बच जाएगा.

उन चार लाइनों में एक शब्द था, झुनझुनी. मुझे सूखा लगा था तो मैंने बदल दिया था. आज वही लिख रहा हूँ. पैरों में झुनझुनी अब भी होती है क्या? जितनी हो, उतनी ही बताना.

सुभाष